सातव्या चौकटीतलं बेट

१

गिरगावातल्या त्या हॉलमध्ये बारा चौकटी टांगलेल्या होत्या आणि सातवीत काही नव्हतं. काच शाबूत, लाकूड शाबूत, मागचा पुठ्ठासुद्धा परत नीट बसवलेला. फक्त चित्र गेलं होतं. शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर पुठ्ठ्याचे चिमुकले खिळे कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेले होते. चोर मी पुष्कळ पाहिले आहेत. कुणाचे खिळे हरवू नयेत म्हणून काळजी घेणारा हा पहिलाच.

मी दौलतराव. पोलिसातली नोकरी छप्पनच्या जानेवारीनंतर सोडली. का सोडली, ते त्या महिन्यात मुंबईत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तेव्हापासून दादरच्या एका खोलीत बसून लोकांच्या लग्नाआधीच्या चौकशा करतो. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, असली कामं. बायको म्हणते, यापेक्षा तुमचे चोर बरे होते. त्यामुळे राजलक्ष्मीबाई चित्राची तक्रार घेऊन माझा जिना चढून आल्या तेव्हा मला बरंच वाटलं.

राजलक्ष्मीबाई ठाकुरद्वारच्या जुन्या प्रभू घराण्यातल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. चित्रं त्यांच्या धाकट्या भावाची, श्यामकांतची. पंचावन्न साली तो चुलतभाऊ कमलाकांतबरोबर ग्रीसमधल्या एका लहानशा बेटावर गेला. कमलाकांत एकटाच परत आला. श्याम चित्रं काढायला मागे राहिला, म्हणाला. पुढच्या जानेवारीत कमलाकांतनेच बातमी आणली की श्याम तिथल्या समुद्रात बुडाला. त्याच्या सामानातून आलेली ही बारा चित्रं. यंदा वडील वारले आणि बहिणीने ती पहिल्यांदा लोकांसमोर मांडली.

"आम्हाला त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही, दौलतराव," त्या म्हणाल्या. "ही बारा चित्रं म्हणजेच आमचा श्याम. त्यातला एक तुकडाही मी जाऊ देणार नाही."

दाराशी श्यामकांतचा मोठा फोटो होता. हसरा चेहरा, कपाळावर केस. फोटोला हार नव्हता.

"आई घालू देत नाही," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "प्रेत पाहिल्याशिवाय माझा मुलगा मेला म्हणू नका, म्हणते. त्याचे दिवस करू दिले नाहीत. दोन वर्षं रोज त्याचं ताट वाढते. कावळ्याला नाही, त्यालाच."

हॉलचा पहारेकरी कुशाबा शपथेवर सांगत होता की दुपारी दार बंद असतं आणि परकं माणूस आत आलेलं नाही.

"आपलं कोण येतं?"

"आपलं म्हणजे कमलाकांतसाहेब. मग तो चौकटीवाला भिवा, खिळेबिळे बघायला. आणि आईसाहेब. रोज दुपारी फोटोसमोर डबा ठेवतात, घटकाभर बसतात आणि परत घेऊन जातात."

म्हणजे चोर या तिघांतला होता, आणि तिघांनाही त्या फोटोतल्या मुलाची माया होती, हे मला पुढे कळलं.

२

कमलाकांत बॅलार्ड पिअरवर एका जहाज कंपनीच्या कचेरीत होता. चांगला उंचापुरा, पण दोन वर्षांत खांदे उतरलेला माणूस. चोरीबद्दल तो फारसं बोलला नाही. बेटाचं नाव काढलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उजळला.

"कंपनीच्या ओळखीनं मालवाहू बोटीवर स्वस्तात जागा मिळाली. पुढे पिरियस बंदरातून एक लहानशी आगबोट आठवड्यातून कधीतरी सुटायची. बेटावर मोटार नाही, रस्ता नाही. गाढवांच्या पायवाटा आणि दगडी पायऱ्या. आम्ही दिवसभर चालायचो. पायाखाली कसलीशी झुडपं चुरडली की ओव्यासारखा वास यायचा. श्याम म्हणायचा, कमळू, हा अख्खा डोंगर कुणीतरी फोडणीला टाकलाय."

तो हसला. मग खिडकीबाहेर गोदीकडे बघत पुढे सांगू लागला.

"डोंगर उतरला की गोट्यांची एक पुळण. दिवसभरात एखादी शेळी आली तर आली. आपल्याला इथं चौपाटीवर टाचणी टाकायला जागा नाही, आणि तिथं अख्खा समुद्र आमच्या दोघांचा. पाणी कसं? घंगाळात भरून ठेवल्यासारखं. हलतच नाही हो. सकाळी पाण्यालगत काढलेल्या चपला संध्याकाळी तिथंच, कोरड्या. होड्यांची सावली खाली तळावर दिसायची. तिथं एक म्हातारी होती, डोक्याला काळा रुमाल. रोज आम्हाला पाव आणि अंजिरं द्यायची, पैसे पुढे केले की रागवायची. श्याम तिला आई म्हणायचा. तिला शब्द कळत नव्हता, पण ती ओ द्यायची."

"आणि तो बुडाला कसा?"

त्याचा आवाज एकदम सपाट झाला. शाळेत पाठ केलेला धडा म्हणावा तसं तो बोलला.

"मी तिथं नव्हतो. गावकऱ्यांनी कळवलं. संध्याकाळी पोहायला गेला. ओहोटी लागली होती, तिनं आत ओढून नेलं."

मी उठलो. घशात माशाचा काटा अडकावा तसं काहीतरी टोचत होतं. पाणी प्यायलो, तरी ते गेलं नाही.

३

भिवा गिरगावातच चौकटींच्या दुकानात कामाला होता. राहायला परळला, भोईवाड्यात. दुकानात त्याच्या कामाच्या पाटाच्या वर बाबासाहेबांची तसबीर होती, दुकानातली सगळ्यात चांगली चौकट तिला घातलेली. वर्षापूर्वी अख्ख्या चाळीबरोबर त्यानेही धर्म बदलला होता. मी रिकामी चौकट त्याच्यासमोर ठेवली.

"कुठलं गेलं?" त्याने विचारलं.

"सातवं. होड्यांचं."

त्याचा हात थांबला. "तेच?"

"तेच म्हणजे?"

"काय नाय." त्याने चौकट उलटी केली आणि लाकडावर अंगठा फिरवला. "साहेब, हे माझ्यासारख्याचं काम नाय. पकड लावली तर वण असा येत नाय. बघा, दोन्ही बाजूंनी बाक आहे. घरातली कसली तरी चीज घातलीय मधे. पण ज्यानं काढलं ना, जपून काढलं. लाकूड दुखू नये असं."

स्वतःवरचा संशय असा कुणीही झटकेल. मी चौकट परत काखेत घेतली. दाराशी पोचलो तेव्हा त्याने मागून विचारलं, "आई कशा हायत?"

"कुणाची आई?"

"श्यामभाऊंची."

"तू ओळखतोस त्यांना?"

"लांबून," भिवा म्हणाला आणि करवत उचलली. त्याने कापलेली पट्टी खुणेपासून बोटभर चुकली.

घराणं ठाकुरद्वारचं, हा भोईवाड्याचा, आणि गिऱ्हाइकाच्या आईची खुशाली विचारून याची करवत खूण चुकते. माझा संशय त्याच्यावर पक्का बसला.

४

ठाकुरद्वारला त्यांच्या घरी गेलो तेव्हा श्यामकांतच्या आई, दुर्गाबाई, नुकत्याच बाहेरून आल्या होत्या. राजलक्ष्मीबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आजकाल दुपारभर देवळात असते." दाराशी त्यांच्या चपला होत्या. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते आणि त्या चपलांना राखाडी चिखल वाळून बसला होता. कुठल्या देवळात असला चिखल असतो, असं मनात आलं आणि राहून गेलं.

स्वयंपाकघरात पाट मांडलेला होता. पाटासमोर ताट, लसणीत परतलेल्या कोलंबीचं खडखडलं, भात, पाण्याचा गडू. जेवणारं कुणी नव्हतं. दुर्गाबाई चुलीजवळ माहीमच्या माहेराहून आणलेल्या अडकित्त्याने सुपारी कातरत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, किरकोळ देह, डोळे मात्र जागे. दोन वर्षांचं दुःख घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांत मी अशी धुगधुगी पाहिली नव्हती.

"तुम्ही पोलिसात होतात ना?" त्यांनी विचारलं. "एखादा माणूस मुद्दाम लपून राहिला असेल, तर तो किती वर्षं राहू शकतो?"

"मनात आणलं तर जन्मभर, बाई."

"आणि लपायचं कारणच उरलं नाही तर?"

"तर परत येतो."

त्यांनी मान हलवली. अडकित्ता खाली ठेवला आणि ताटावर झाकण घातलं.

चित्र कसं होतं ते दाखवायला राजलक्ष्मीबाईंनी हॉल उघडला त्या दिवशीचा फोटो आणून दिला. सगळी पाहुणेमंडळी कॅमेऱ्याकडे बघत होती. एकट्या दुर्गाबाई मान वळवून मागच्या सातव्या चौकटीकडे बघत होत्या. चित्र स्पष्ट आलं होतं. उतारावर पांढरी घरं, घुमटाचं लहानसं देऊळ, मोडक्या धक्क्याला लोखंडी कडी, आणि पुढे दोन होड्या कुशीवर कललेल्या, गाळात रुतून, पाण्याची वाट बघत.

सुंदर चित्र होतं. मी ते बराच वेळ बघितलं. आणि मग तो घशातला काटा निघाला.

५

मी फोटो घेऊन थेट कमलाकांतच्या कचेरीत गेलो आणि त्याच्या टेबलावर ठेवला.

"या होड्या अशा का झोपल्यात?"

"ओहोटी..." तो म्हणाला आणि थांबला.

"तुम्हीच सांगितलंत, तिथलं पाणी चपलेपर्यंतसुद्धा येत नाही. जे पाणी हलत नाही त्यातल्या होड्या गाळात कशा बसतील? आणि जिथं ओहोटी नाही तिथं ती माणसाला ओढून कशी नेईल? बेट तुम्ही आठवून सांगितलंत, म्हणून ते खरं होतं. मरण मनानं रचलंत. मुंबईत जन्मलेल्या माणसानं रचलं की समुद्र मुंबईचाच होणार."

तो खुर्चीत बसला नाही, पडलाच.

"मी हे चित्र शंभरदा पाहिलं," तो म्हणाला. "मला कधी दिसलं नाही."

त्याला काय, कुणालाच दिसलं नव्हतं. सारं गिरगाव त्या हॉलमधून फिरून गेलं. आपल्याला किनारा म्हटला की होड्या अशाच माहीत. मीही त्यांच्यातलाच, त्याचा मला रागच आला.

"वरचं बेट त्यानं आठवणीनं काढलं," मी म्हणालो. "होड्या डोळ्यांसमोरच्या. म्हणजे चित्र काढलं तेव्हा तो परत आला होता. कुठे आहे तो?"

कमलाकांतने टेबलावर कपाळ टेकवलं. मग उठला, कोट घातला आणि म्हणाला, "चला. जिला सांगायचा हक्क आहे तीच सांगेल."

तो मला भोईवाड्यात एका चाळीत घेऊन गेला. दार उघडणारी राधा, भिवाची धाकटी बहीण. गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती, पाळी संपवून आली होती. खोलीत भिंतीवर एक पेन्सिलीचं चित्र होतं, काळा रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बाईचं.

चौकटी करून घ्यायला श्यामकांत भिवाकडे जायचा, तिथेच ओळख. घरी कळलं तेव्हा वडील म्हणाले होते, त्या मुलीच्या दाराशी गेलास तर मला मेलास. म्हणून दोघे भाऊ बेटावरून बरोबर परत आले, पण श्याम बंदरातून सरळ इथे आला आणि कमलाकांत घरी जाऊन सांगून मोकळा झाला की तो मागे राहिला. चाळीतल्या चार वडीलधाऱ्यांसमोर श्याम आणि राधाने एकमेकांना हार घातले. वडिलांचा राग उतरला की आईला सांगायचं ठरलं होतं.

"रोज शिवडीला जायचे चित्र काढायला," राधा म्हणाली. "मला म्हणायचे, पैसे साठव, तुला त्या बेटावर नेतो. तिथं कुणी कुणाला जात विचारत नाय. विचारली तरी आपल्याला भाषाच कळणार नाय." ती थोडी हसली. "जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राचा गोळीबार चालू होता. भिवादादा दुकानातनं आला नव्हता. मी म्हटलं, नका जाऊ. ते म्हणाले, कोपऱ्यापर्यंत बघून येतो. दादा दुसऱ्या गल्लीतनं आला. हे आलेच नाहीत."

भिवाने हॉस्पिटलात त्याला आपल्या घरचा म्हणून सांगितलं. भोईवाड्याच्याच स्मशानात कमलाकांतने अग्नी दिला. त्या वेळी काका, म्हणजे श्यामचे वडील, अंथरुणाला खिळले होते, डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हटलं होतं. कमलाकांत सांगायला म्हणून घरी गेला आणि तोंडातून समुद्र निघाला. मग रोज तो समुद्र जरा जास्त खोल होत गेला.

"चित्रं मीच पाठवली त्यांच्या आईकडे, कमलाकांतभाऊंच्या हाती," राधा म्हणाली. "होड्यांचं शेवटचं. ठेवून घ्यावंसं वाटत होतं. पण म्हटलं, शेवटचं आईचं."

तिने सांगितलेल्या त्या कोपऱ्यावर त्या दिवशी मी नव्हतो. पण तिथे जी खाकी होती ती मी तेव्हा अंगावर घालत होतो. मला त्या खोलीत मान वर करवेना.

आणि चोर? माहीमचं माहेर असलेली, लहानपणापासून होड्या झोपताना आणि उठताना पाहिलेली एकच व्यक्ती त्या हॉलमध्ये आली होती. त्या बाईंची फोटोत वळलेली मान, रोज डबा घालून आणायची पिशवी, लाकडावर दोन्ही बाजूंनी बाक पाडणारा अडकित्ता, आणि चपलांवरचा खाजणातला चिखल. कुशाबाने खरंच कुणी परकं पाहिलं नव्हतं. सगळं जुळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, जुळलं नसतं तर बरं होतं, कारण ती बाई आता चित्र घेऊन मुलगा शोधत हिंडत होती.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलाकांत, राधा आणि मी शिवडीला गेलो. ओहोटी होती. मोडक्या धक्क्याच्या पायरीवर, लोखंडी कडीजवळ, दुर्गाबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी कागदाची गुंडाळी. समोर दोन होड्या गाळात कललेल्या होत्या.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत. "तुम्हालाही दिसलं तर," म्हणाल्या. "कमळूनं परत आल्यावर मला सगळं सांगितलं होतं, तिथलं पाणी हलत नाही. हॉलमध्ये चित्र पाहिलं आणि कळलं, माझा श्याम परत आलाय. वरळी पाहिली, माझगाव पाहिलं. मग ही कडी सापडली. आता हे गेले, राग धरणारं कुणी उरलं नाही. तो इथं चित्र काढायला येतो. आज ना उद्या येईल."

"कमलाकांतला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं."

मी आयुष्यभर लोकांकडून उत्तरं काढली. या बाईने उत्तर नको म्हणून चोरी केली होती.

तेवढ्यात त्यांना माझ्यामागे उभा कमलाकांत दिसला. तो पुढे आला, पायरीवर खाली बसला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "काकी," एवढंच म्हणाला. त्यांनी त्याच्या केसांवर हात ठेवला. मग नजर वर करून राधाकडे पाहिलं. राधाच्या कपाळाला कुंकू नव्हतं. दुर्गाबाईंनी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की मला तोंड फिरवावं लागलं. कुणीच काही सांगितलं नाही, आणि त्यांना सगळं कळलं. धरून ठेवलेलं काहीतरी त्यांच्या अंगातून निघून गेल्यासारख्या त्या खाली वाकल्या.

मग राधाला म्हणाल्या, "हे तुला नाही म्हणत होते तेव्हा मी तिथंच उभी होते. चुलीवरचं उतू जात होतं म्हणून आत गेले. एक शब्द बोलले नाही."

राधा त्यांच्याशेजारी बसली. अंतर ठेवून.

"कुठं होता तो?"

"भोईवाड्यात."

"ट्राम जाते तिथं," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी रोज त्या बेटावर पोचायचे मनानं. एवढा समुद्र ओलांडून. आणि तो ट्रामच्या वाटेवर होता."

पाणी हळूहळू वर येऊ लागलं होतं. पहिली होडी जराशी हलली.

"त्या दिवशी जेवून गेला होता का?"

"हो आई. कोलंबी केली होती. त्यांनीच शिकवलेलं, ते खडखडलं. पोटभर जेवले. म्हणाले, आईच्या हातचं नाय लागत."

दुर्गाबाईंनी डोळे पुसले नाहीत. पाणी गालांवरून तसंच वाहू दिलं. पिशवीतली गुंडाळी काढून त्यांनी राधाच्या मांडीवर ठेवली.

"लसूण चिरलास का?"

"हो."

"ठेचायचा असतो. सालीसकट." त्यांचा आवाज फुटला. "म्हणून."

दोन दिवसांनी राजलक्ष्मीबाई माझे पैसे द्यायला आल्या. मी घेतले नाहीत, त्यांनी आग्रह केला नाही. मग त्यांच्याबरोबरच हॉलवर गेलो. राधाने परत आणलेल्या चित्राने सातवी चौकट भरलेली होती, आणि भिवा स्टुलावर चढून तिचा शेवटचा खिळा ठोकत होता. दाराशी श्यामकांतच्या फोटोला हार होता. नुकताच घातलेला, ओला.

"आईनं आपल्या हातानं घातला," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "दिवसही करायचे म्हणाली."

"आणि ताट?"

"ताट आजही वाढलं," त्या म्हणाल्या. "त्याच पाटावर. राधा जेवायला बसली होती."